पाहुण्या मुलाचा मासा कोणाच्या हिशेबात?

सुट्टी लागली की मामाच्या गावाला जाण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. आता काही कुटुंबांत हा मामा कोकणात किंवा खानदेशात नसून टोरांटो, मिनियापोलिस अथवा लंडनच्या परिसरात राहतो. समजा, पुण्याचा बारा वर्षांचा एक मुलगा उन्हाळ्यात कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील मामाकडे गेला आहे. रविवारी मामा, त्याचा त्याच वयाचा मुलगा आणि भाचा असे तिघे जवळच्या सरोवरावर गळ टाकून बसले. मामाजवळ मासेमारीचा परवाना आहे. दोन्ही मुलांजवळ तो नाही आणि कायद्याने तो काढण्याची सक्तीही नाही. तरीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने दोन्ही मुलांची स्थिती सारखी नाही. मामाच्या मुलाने पकडलेला मासा त्याच्या स्वतःच्या मर्यादेत मोजला जातो. भाच्याने पकडून ठेवून घेतलेला मासा मात्र मामाच्या मर्यादेत जमा होतो.

वरवर पाहता हा भेद क्षुल्लक वाटतो. परंतु त्यामागे मत्स्यसंवर्धनाचा एक मूलभूत विचार आहे. लहान मुलाकडून शुल्क घेऊ नये हे सर्वांना मान्य असते. पण त्याने पाण्यातून काढलेला मासा कोणत्या तरी खात्यावर नोंदला गेलाच पाहिजे. मासा पकडणाऱ्याचे वय लहान असल्यामुळे सरोवरातील माशांची घट लहान होत नाही. शुल्क माफ करणे आणि हिशेब माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक इतर देशांनी कसा सांभाळला आणि आपल्या नद्या-जलाशयांसाठी त्यातून काय घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

परवान्याची तीन कामे

हौशी मासेमारीचा परवाना एकाच कागदावर तीन कामे करतो. पहिले काम महसुलाचे. परवान्याच्या शुल्कातून मत्स्यबीज केंद्रे, संशोधन आणि गस्त यांचा खर्च भागतो. दुसरे काम परवानगीचे. कोणत्या पाण्यात, कोणत्या साधनाने, कोणत्या ऋतूत आणि किती मासे धरता येतील, हे परवाना ठरवितो. तिसरे काम मोजणीचे. किती माणसे मासे धरतात आणि साधारणतः किती मासे पाण्याबाहेर जातात, याचा अंदाज परवान्यांच्या नोंदींवरून बांधता येतो.

मुलांना सूट देताना या तीन कामांपैकी नेमके कोणते माफ करावयाचे, हा खरा प्रश्न असतो. शुल्क बहुतेक ठिकाणी माफ केले जाते. ऋतुबंदी, आकारमर्यादा आणि साधनांवरील निर्बंध सहसा माफ केले जात नाहीत. मोजणीच्या बाबतीत मात्र प्रत्येक प्रदेशाने आपापला मार्ग निवडलेला दिसतो, आणि पाहुण्या मुलांचे नियम येथेच वेगळे होतात.

पालकाच्या खात्यावर मासा

ओंटारिओमध्ये कॅनडात राहणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलास परवाना काढावा लागत नाही. नाव आणि जन्मतारीख दाखविणारे ओळखपत्र हाच त्याचा परवाना मानला जातो. देशाबाहेरून आलेल्या अठरा वर्षांखालील मुलासही परवान्याशिवाय मासे धरता येतात. मात्र त्याच्यासोबत परवानाधारक व्यक्ती असावी लागते आणि मुलाने ठेवून घेतलेले मासे त्या व्यक्तीच्या मर्यादेत धरले जातात. त्या दिवशी मामाला चार मासे ठेवण्याची मुभा असेल आणि तीन मासे त्याने स्वतः धरले असतील, तर भाच्याच्या वाट्याला एकच मासा उरतो. भाच्याला स्वतःची वेगळी मर्यादा हवी असल्यास त्याच्या नावाने परवाना काढण्याची सोय आहे.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या गोड्या पाण्यातही हीच पद्धत आहे; तेथे वयाची रेषा सोळा वर्षांवर आहे. समुद्राच्या पाण्यात मात्र तेथील नियम निराळा आहे. तेथे सोळा वर्षांखालील मुलासही परवाना घ्यावा लागतो, पण त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. काही जातींचे मासे धरल्यावर त्यांची नोंद परवान्यावर करावयाची असते. त्यामुळे मुलाजवळही कागद असणे आवश्यक ठरते. एकाच प्रांतात गोड्या पाण्यासाठी एक मार्ग आणि खाऱ्या पाण्यासाठी दुसरा मार्ग असला, तरी हिशेब कोठेही सुटत नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रत्येक राज्याचे नियम स्वतंत्र आहेत. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालील आणि फ्लोरिडामध्ये सोळा वर्षांखालील मुलास परवाना लागत नाही. ते मूल राज्यातले असो वा बाहेरचे, भेद केला जात नाही. मिनेसोटाने वेगळा मार्ग पत्करला आहे. बाहेरून आलेल्या पंधरा किंवा त्याहून कमी वर्षांच्या मुलाच्या पालकाजवळ परवाना असेल, तर मुलास वेगळा परवाना लागत नाही. परंतु त्याचे मासे पालकाच्या मर्यादेत मोजले जातात. वायोमिंगमध्ये चौदा वर्षांखालील पाहुण्या मुलासाठी असाच नियम आहे. कॅलिफोर्नियात सोळा वर्षांखालील मुलास परवाना नको, पण स्टीलहेड या स्थलांतर करणाऱ्या माशाच्या मागे जावयाचे असल्यास नोंदपत्रक सर्व वयाच्या व्यक्तींना घ्यावे लागते. ज्या जातीविषयी चिंता अधिक, तेथे वयाची सूट आपोआप आखडती घेतली जाते, असे हे सूत्र आहे.

मूल मोजायचे की नाही?

अमेरिकेतील व्यवस्थेचा आणखी एक पैलू लक्षात घेण्यासारखा आहे. १९५० साली तेथे क्रीडा-मत्स्य पुनःस्थापनेचा केंद्रीय कायदा झाला. गळाच्या काठ्या, चक्र्या व तत्सम साहित्यावर लावलेल्या कराचे उत्पन्न राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी वाटले जाते. या वाटपात ४० टक्के भार राज्याच्या क्षेत्रफळाला आणि ६० टक्के भार शुल्क भरणाऱ्या परवानाधारकांच्या संख्येला आहे. परवान्याचे उत्पन्न अन्य कामाकडे वळविणार नाही, अशी हमी राज्याने कायद्याने द्यावी लागते. त्यामुळे तेथे प्रत्येक परवानाधारक हा संवर्धन-निधीतील एक एकक ठरतो. मुलांना पूर्ण सूट दिली की ती या गणनेबाहेर राहतात. तरीही राज्ये सूट देतात, कारण लहानपणी गळ हाती घेतलेले मूल मोठेपणी परवाना काढील आणि नदीच्या बाजूने बोलेल, असा त्यांचा हिशेब आहे.

इंग्लंडने या दोन्ही गोष्टी साधण्याचा प्रयत्न केला. तेथे तेरा वर्षांखालील मुलास गळाचा परवाना लागत नाही. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना परवाना घ्यावा लागतो, परंतु एप्रिल २०१७ पासून तो विनाशुल्क मिळतो. मूल इंग्लंडचे की पाहुणे, असा भेद या नियमात नाही. परवाना फुकट असला तरी तो काढावा लागतो. त्यामुळे किशोरवयीन मुलाचे नाव नोंदीत येते आणि परवान्याबरोबर येणारी बंधने त्याच्या नजरेखालून जातात. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात स्थानिक जातींच्या गोड्या पाण्यातील माशांसाठी बंदी असते. ती लहानथोर सर्वांना लागू असते. शिवाय शासनाचा परवाना मिळाला म्हणजे कोणत्याही तळ्यावर बसण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. त्या पाण्याच्या मालकाची किंवा मंडळाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आपल्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे.

पोटासाठी आणि हौसेसाठी

पाहुण्याला वेगळा नियम लावणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा महत्त्वाच्या रूपाने आला. १९४८ सालच्या टूमर विरुद्ध विटसेल या खटल्यात दक्षिण कॅरोलिना राज्याचा नियम तपासला गेला. कोळंबी पकडणाऱ्या स्थानिक होडीसाठी २५ डॉलर आणि बाहेरच्या होडीसाठी २,५०० डॉलर असे परवाना शुल्क त्या राज्याने ठेवले होते. न्यायालयाने हा भेद अमान्य केला, कारण तेथे प्रश्न उपजीविकेचा होता. पुढे १९७८ साली माँटाना राज्यातील बाल्डविन खटल्यात शिकारीच्या हौशी परवान्यासाठी बाहेरच्यांकडून अधिक शुल्क घेणे न्यायालयाने मान्य केले. हौशी शिकार हा उपजीविकेसारखा मूलभूत हक्क नाही, असा त्यामागील विचार होता.

या दोन निर्णयांतून निघणारी रेषा भारतासारख्या देशात अधिकच ठळकपणे आखावी लागेल. रायगड जिल्ह्यातील एखाद्या कातकरी वाडीतील मूल ओढ्यात मासे आणि खेकडे धरते, ते घरच्या जेवणासाठी. मुंबईहून कृषी पर्यटन केंद्रावर आलेले मूल त्याच ओढ्यात गळ टाकते, ते गंमत म्हणून. दोघांचे वय सारखे, ओढाही तोच. पण दोघांची गरज सारखी नाही. परवान्याची कोणतीही व्यवस्था आखताना पहिल्या मुलाच्या हातातील पाग किंवा गळ हिरावला गेला, तर ती व्यवस्था अन्यायाची ठरेल. नियम पाहुण्यासाठी आणि हौसेसाठी असावेत, स्थानिकाच्या ताटासाठी नव्हेत.

नोंदीचे मोल : कावेरीचा धडा

हौशी मासेमारांच्या नोंदीतून काय निष्पन्न होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. कर्नाटकात कावेरीच्या काठी गॅलिबोर येथे महाशीर माशासाठी गळ-शिबिर चालत असे. धरलेला मासा पुन्हा नदीत सोडावयाचा, असा तेथील दंडक होता. पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदींचा अभ्यास करून २०१५ साली शास्त्रज्ञांनी एक गंभीर निष्कर्ष मांडला. कावेरीचा मूळ रहिवासी असलेला कुबडाचा महाशीर झपाट्याने कमी होत होता आणि बाहेरून आणून सोडलेल्या निळ्या पराच्या महाशीराची संख्या वाढत होती. कुबडाच्या महाशीराची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ या नावाने २०१८ साली निश्चित झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद अत्यंत संकटग्रस्त म्हणून झाली.

यातील दुसऱ्या माशाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. ‘टॉर खुद्री’ या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशावरून केले. ही जात पुढे मत्स्यबीज केंद्रांत वाढविण्यात आली आणि दख्खनबाहेरच्या पाण्यांतही सोडण्यात आली. एका नदीचे भूषण असलेला मासा दुसऱ्या नदीत उपद्रवी ठरू शकतो, हे कावेरीने दाखविले. हा बदल लक्षात आला तो मोठ्या प्रमाणात गळ टाकून बसलेल्या हौशी माणसांच्या वह्यांमुळे. प्रत्येक माशाची जात आणि वजन लिहून ठेवण्याची सवय नसती, तर एक मासा दुसऱ्याची जागा घेत असल्याचे आकड्यांनी सिद्ध करता आले नसते. अशी सवय लावण्याचे योग्य वय म्हणजे शालेय वय होय.

आपली पाणी, आपले नियम

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यसूचीत आहे. त्यामुळे अंतर्गत पाण्यातील मासेमारीचे नियम राज्यागणिक बदलतात. स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच मनाई केली आहे. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर येथे ट्राउट व महाशीर यांच्यासाठी गळाचे परवाने देण्याची जुनी परंपरा आहे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे निर्बंध लागू असतात. कावेरीवरील गळ-शिबिरे बंद होण्यामागेही हेच कारण होते.

महाराष्ट्रात जलाशयांचे मासेमारी हक्क प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था ठेक्याची रक्कम भरते, कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली विकत आणून जलाशयात सोडते आणि काही महिने वाट पाहून उत्पन्न घेते. शनिवार-रविवारी सहलीला आलेले कुटुंब अशा जलाशयाच्या काठी गळ टाकते, तेव्हा ते ओसाड पाण्यात गळ टाकीत नसते. कोणाच्या तरी पेरलेल्या शेतात उभे असते. उभ्या पिकातील कणीस न विचारता तोडू नये, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. जलाशयातील मासा हेही कोणाचे तरी पीक आहे, हे मात्र शहरी मुलास सांगावे लागते. इंग्लंडमध्ये परवाना असूनही पाण्याच्या धन्याची परवानगी घ्यावी लागते, त्याचे आपल्याकडील प्रतिरूप म्हणजे संस्थेची संमती होय.

ऋतूचा प्रश्न याहून नाजूक आहे. कोकणात व घाटमाथ्यावर पहिल्या पावसात चढणीचे मासे धरण्याची रीत आहे. काही भागांत त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. नदीतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून भातखाचरांत चढणारे हे मासे अंडी घालण्यासाठी निघालेले असतात. त्यांची पोटे अंड्यांनी भरलेली असतात आणि उथळ पाण्यात ते सहज हाती लागतात. जूनच्या आरंभी गावी असलेल्या मुलांना या रात्रींचे मोठे आकर्षण असते. परंतु या वेळी धरलेल्या एका मादीबरोबर पुढच्या हंगामाची हजारो अंडी नाहीशी होतात. समुद्रात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते आणि हजारो कुटुंबे त्या काळात उत्पन्नावर पाणी सोडतात. ज्या महिन्यांत मच्छीमार आपली होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो, त्याच महिन्यांत पाहुण्यांनी हौसेखातर ओढ्यातील गाभोळीचे मासे धरणे शोभत नाही.

विचारार्थ काही सूत्रे

कृषी पर्यटन केंद्रे, मच्छीमार संस्था आणि राज्यांचे मत्स्यव्यवसाय विभाग यांनी हौशी मासेमारीची आखणी करताना पाहुण्या मुलांसाठी पुढील सूत्रांचा विचार करावा.

१. मुलांकडून शुल्क घेऊ नये. परंतु किशोरवयीन मुलास त्याच्या नावाचे विनामूल्य ओळखपत्र द्यावे. त्याच्या मागे त्या पाण्यातील माशांची चित्रे, किमान आकार आणि बंदीचा काळ मराठीत छापलेला असावा.

२. मुलासोबत परवानगी घेतलेली प्रौढ व्यक्ती असावी. मुलाने ठेवून घेतलेला मासा त्या व्यक्तीच्या मर्यादेत मोजावा. चार जणांच्या कुटुंबाने चार मर्यादांचे मासे नेऊ नयेत. जलाशयाची खोली व निसरडे काठ पाहता सुरक्षिततेसाठीही प्रौढाची सोबत आवश्यक आहे.

३. प्रजननकाळातील बंदीस वयाचा अपवाद नसावा.

४. संस्थेच्या ठेक्याच्या पाण्यात संस्थेची लेखी संमती घ्यावी आणि प्रौढाकडून घेतलेल्या शुल्काचा ठरलेला वाटा संस्थेस मिळावा. पर्यटनाचा लाभ काठावरच्या उपाहारगृहापुरता न राहता बोटुकली सोडणाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

५. महाशीरासारख्या जातींसाठी उलटा काटा नसलेला गळ वापरावा आणि मासा ओल्या हातांनी धरून लवकर पाण्यात सोडावा. मासा सोडला तरी त्याची नोंद वहीत करावी.

६. उदरनिर्वाहासाठी ओढ्या-नाल्यांत मासे धरणाऱ्या स्थानिक कुटुंबांच्या मुलांना या व्यवस्थेतून वगळावे, आणि ही गोष्ट नियमांत स्पष्ट शब्दांत लिहावी.

परदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे की हे नियम दर वर्षी बदलू शकतात. निघण्यापूर्वी त्या प्रदेशाच्या अधिकृत नियमावलीत वयाची अट, पालकाच्या परवान्याची अट आणि मासा कोणाच्या मर्यादेत मोजला जातो, या तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा सोबत ठेवावा.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील मासे देवीचे मानले जातात. ते कोणी धरीत नाही. दर्शनाला आलेली मुले काठावरून चुरमुरे टाकतात आणि मोठमोठे महाशीर पृष्ठभागावर येतात. तेथे परवाना नाही, शुल्क नाही आणि पहारेकरीही नाही. श्रद्धेनेच नियमाचे काम केले आहे. परंतु सर्व नद्यांना आणि जलाशयांना देवराईचे संरक्षण लाभत नाही. उरलेल्या पाण्यांसाठी लिहिलेला नियम लागतो आणि तो पाळणारी पुढची पिढी लागते. ओंटारिओच्या सरोवराकाठी बसलेला भाचा मासा टोपलीत टाकण्यापूर्वी “मामा, तुझे किती झाले?” असे विचारतो, तेव्हा तो त्या नियमाचा अर्थ शिकलेला असतो. सुट्टी संपवून परत आल्यावर त्याने आपल्या गावच्या तलावावरही हाच प्रश्न विचारावा, अशी व्यवस्था उभारणे हे आपले काम आहे.